हलगी, व्हायोलिन आणि चौदावं वर्ष

उतारवयातल्या माणसाला आयुष्यातलं काय काय आठवतं असं विचारलं, तर आठवणी सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. अगदी लहानपणचं फारसं हाती लागत नाही. चाळिशी-पन्नाशीतली वर्षंच्या वर्षं एकमेकांत मिसळून जातात. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळात मात्र आठवणींची दाटी असते. डेव्हिड रुबिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली हे आकडेवारीनिशी मांडलं. आलेखावर ही दाटी उंचवट्यासारखी दिसते, म्हणून आपण तिला आठवणींचा उंचवटा म्हणू. पुढं हीच तपासणी गाण्यांबाबत झाली. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाण्यांशी जोडलेल्या आठवणींचं टोक चौदाव्या वर्षाच्या आसपास आढळलं.

चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववी. आवाज फुटतो, आरशासमोरचा वेळ वाढतो, आणि घरच्यांनी लावलेल्या गाण्यांपेक्षा वेगळं, स्वतःचं असं एक गाणं सापडतं. माझ्या वयाच्या सोलापूरकरांना ते अजय-अतुलच्या संगीतात सापडलं. हे प्रकरण त्या संगीताबद्दल आहे आणि त्या वयात मेंदू गाण्याला इतका घट्ट का धरतो, याबद्दलही.

सात रस्ता या चौकात सोलापूर चार भाषांत बोलताना ऐकू येतं. विजापूर रोड, होटगी रोड, रेल्वे लाइन्स, रंगभवन अशा निरनिराळ्या बाजूंनी माणसं इथं येतात आणि पांगतात. परिवहनाच्या बसची वाट पाहणारा मराठी बोलत असतो, शेजारची बाई फोनवर कन्नडमध्ये भाव विचारत असते, रिक्षावाला दखनी उर्दूत हाक मारतो, आणि पूर्व भागातून आलेली दोन पोरं आपसात तेलुगूत बोलत असतात. गिरण्यांनी आणि हातमाग-यंत्रमागांनी या सगळ्यांना एका शहरात आणलं. गिरण्या बंद पडल्या, भाषा राहिल्या. गाण्यांच्या बाबतीत याचा एक फायदा झाला. सोलापूरच्या पोराला भाषा कळली नाही म्हणून गाणं सोडून द्यायची सवय कधी लागलीच नाही. ठेका आवडला की पुरे.

२००८-०९च्या सुमारास खिशात मोबाइल आले, तेव्हा गाणी मिळायची ती मोबाइलच्या दुकानात. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. दुकानातल्या संगणकावर फोल्डर लावलेले असत: भक्तिगीत, भीमगीत, लावणी, डीजे, तेलुगू, कन्नड, कव्वाली आणि दर्दभरे. शाळकरी पोरं काउंटरला टेकून उभी राहत आणि एकमेकांना विचारत, ‘नटरंग भरलास का बे?’ ‘भरलो की, कालच.’ या व्यवहारातून संगीतकाराला छदामही मिळत नसे, हे नोंदवायला हवं. पण मराठी गाणं आमच्या वयाच्या पोरांच्या कानात पोचलं ते याच वाटेनं.

अजय आणि अतुल गोगावले हे काही संगीत घराण्यातले नाहीत. अतुलचा जन्म १९७४चा, अजयचा १९७६चा. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या होत राहिल्या आणि बालपण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर या भागात गेलं. रीतसर तालीम नाही, घरात वाद्यं नाहीत, की-बोर्डसुद्धा बराच उशिरा आला. कान तयार झाला तो देवळातल्या भजनावर, जत्रेतल्या वाद्यांवर, गोंधळावर आणि इळयराजांच्या गाण्यांवर. इळयराजांना हे दोघे गुरुस्थानी मानतात, आणि या दोघांचं संगीत ऐकताना हे नातं कळतं. तमिळ खेड्यातलं ढोलाचं अंग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची तंतुवाद्यं एकाच गाण्यात सुखानं नांदू शकतात, हे इळयराजांनी १९७६ पासून दाखवून दिलं होतं. मराठीत ते या दोन भावांनी केलं.

त्यांचा ‘विश्वविनायक’ हा गणपतीच्या स्तोत्रांचा अल्बम २००१च्या सुमाराचा. त्यात शंकर महादेवन यांच्या जोडीला एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज आहे. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाच्या घराघरांत हा आवाज तेलुगू गाण्यांमुळे आधीपासून ओळखीचा. गणेशोत्सवात मंडपातून तो ऐकू आला की तेलुगू घरातली आजीही मान डोलावायची. पुढं २००४मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’ आला आणि २००६मध्ये ‘जत्रा’. ‘जत्रा’मधलं कोंबडीचं गाणं आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. त्याचीच चाल २०१२मध्ये ‘अग्निपथ’मधून हिंदीत गेली आणि देशभर नाचली गेली. त्याआधी सहा वर्षं आमच्या गल्लीतल्या वरातींनी ती पाठ केलेली होती.

इथं थोडं मागं जायला हवं. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव, आणि प्रल्हाद शिंदे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाल्या गाणारा त्यांचा भरदार, मोकळा, मैदानावर घुमणारा आवाज म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीची संपत्ती. आषाढीला पंढरीच्या वाटेवर आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या मिरवणुकीत, असा दोन्ही ठिकाणी वाजणारा दुसरा आवाज मला तरी माहीत नाही. त्यांचं निधन जून २००४मध्ये झालं. वडिलांच्या पिढीनं आनंद-मिलिंद शिंदे या भावांच्या कॅसेट घासून घासून ऐकल्या. नातवंडांना आनंद शिंदे भेटले ते अजय-अतुलच्या चालीतून. एकाच घराण्याचा गळा तीन पिढ्यांच्या कानांत, आणि प्रत्येक पिढीला वाटतं की हे आपलं गाणं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्झल यांनी जस्टिन झुपनिक यांच्यासोबत २०१३ साली केलेला अभ्यास याच्याशी जुळतो. त्यांनी विशीतल्या मुलामुलींना गेल्या पाच-सहा दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या कुमारवयातल्या गाण्यांशी आठवणी जोडलेल्या असणार, हे अपेक्षितच होतं. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही तसाच जिव्हाळा आढळला, आणि त्याही मागं, आजी-आजोबांच्या काळापाशी आणखी एक लहानसा उंचवटा दिसला. म्हणजे गाण्यांची आवड ही घरात वारशानं येते, आणि तो वारसा पोचवायला कुणी मुद्दाम शिकवावं लागत नाही. स्वयंपाकघरात रेडिओ चालू असला तरी काम होतं. संशोधकांनी अमेरिकी गाणी वापरली होती. शिंदे घराण्याच्या गाण्यांवर असा अभ्यास सोलापुरात कुणी केला, तर तो फार बोलका होईल असं मला मनापासून वाटतं.

आता मेंदूकडे वळू. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटानं २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या संगीतानं अंगावर काटा येतो असं संगीत सहभागी व्यक्तींनी स्वतःच निवडून आणलं, आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. सुखाच्या क्षणाशी निगडित असलेलं डोपामाइन हे रसायन दोन वेळा पाझरताना दिसलं. काटा येतो त्या क्षणी एकदा, आणि त्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे तो क्षण येणार आहे हे ठाऊक असताना एकदा. दोन्ही वेळी मेंदूतले वेगवेगळे भाग कामाला लागले होते. वाट पाहण्याचं सुख आणि मिळाल्याचं सुख अशी ही दोन वेगळी सुखं आहेत.

हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला हे प्रयोगशाळेविनाही पटेल. हलगीवाला आधी कागद नाही तर काड पेटवून कातडं शेकून घेतो, दोन काड्यांनी हलकेच चाचपतो, थांबतो. त्या थांब्यात भोवतालच्या पोरांचे खांदे आधीच उचललेले असतात. मग ठेका पडतो. अजय-अतुलनी हा थांबा आपल्या गाण्यांत उचलला. व्हायोलिनं लांबवर पसरतात, बासरी एखादी ओळ अर्धवट सोडते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता ठेका पडणार. मोबाइलवर तेच गाणं विसाव्यांदा ऐकताना तो क्षण नेमका कधी येणार हे पाठ झालेलं असतं, आणि म्हणूनच तो जास्त सुख देतो.

कुमारवयात ही यंत्रणा फार जोरात असते. मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग या वयात लवकर जागा होतो, तर विचार करून आवर घालणारा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत घडत राहतो. त्यामुळे आनंद, अपमान, प्रेम, मैत्री, सगळंच कडेलोटाच्या मापात येतं. शिवाय गाणी ऐकायला वेळही भरपूर असतो. एड्रियन नॉर्थ, डेव्हिड हारग्रीव्ह्ज आणि सुसान ओनील यांनी २००० साली इंग्लंडमधल्या १३-१४ वर्षांच्या २४६५ मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा ती रोज सरासरी जवळपास अडीच तास संगीत ऐकत असल्याचं दिसलं. आपल्याकडे अभ्यासाचा धाक जास्त, म्हणून तास थोडे कमी धरू. तरी एकाच गाण्याला इतकी आवर्तनं पुन्हा आयुष्यात मिळत नाहीत.

पण डोपामाइन आणि आवर्तनं एवढ्यानं सगळा उलगडा होत नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं कुमारवयाचं मुख्य काम ‘मी कोण’ हे ठरवण्याचं असतं, असं सांगितलं. गाणं त्या कामाला येतं. वर्गात कोण कुठलं गाणं ऐकतो यावरून गट पडतात, मैत्र्या जुळतात. आणि इथं मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे.

आमच्या आधीच्या पिढीतल्या शिकणाऱ्या पोराला स्वतःच्या गल्लीतल्या वाद्यांची लाज वाटायची. हलगी ही मिरवणुकीची आणि मयताची. संबळ गोंधळ्यांचं. चौंडकं जोगत्या-जोगतिणींचं, यल्लम्माच्या नावानं दारोदार फिरणाऱ्यांचं. ढोलकी आणि घुंगरू तमाशाचे, त्यामुळे घरात नाव काढायचं नाही. या प्रत्येक वाद्याला एक जात चिकटवलेली होती, आणि ती वाद्यं नाकारताना ती माणसंही नाकारली जात होती. खरं तर सोलापूरकरांनी लाजावं असं यात काही नव्हतंच. पेशवाईच्या उत्तरार्धात लावण्या आणि पोवाडे रचणारे शाहीर राम जोशी सोलापूरचे. शाहीर अमर शेख बार्शीचे. मोडनिंबची ओळख लावणी कलावंतांमुळे, अकलूजला लावणीच्या स्पर्धा भरत आलेल्या. कोजागरीला लाखो लोक सोलापुराहून तुळजापूरला पायी जातात, तेव्हा वाटभर संबळ वाजत असतं. एवढं सगळं भोवती असून पोराच्या इयरफोनमध्ये मात्र यातलं काहीच नसे.

‘जोगवा’ आला २००९मध्ये. राजीव पाटील दिग्दर्शित हा चित्रपट देवीला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा. त्यासाठी अजय-अतुलना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातल्याच गायनासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सोलापूरच्या पोराच्या दृष्टीनं त्याचा अर्थ पुरस्काराहून मोठा होता. मंगळवार-शुक्रवारी दारात येणाऱ्या जोगतिणीच्या हातातलं चौंडकं आता त्याच्या कानात वाजत होतं, आणि ते ऐकताना त्याला रडू येत होतं. पुढच्या वेळी ती दारात आली तेव्हा तिच्याकडं बघण्याची नजर थोडी तरी बदललेली होती. मी हे माझ्यापुरतं खात्रीनं सांगू शकतो. पीठ घालून दार लावून घेणाऱ्या मी त्या वर्षी पहिल्यांदा तिथं उभा राहून पूर्ण गाणं ऐकलं.

१ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ लागला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांचा चित्रपट. गुरू ठाकूर यांची गीतं आणि बेला शेंडे यांचा आवाज असलेल्या त्यातल्या लावण्या त्या वर्षी सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक स्नेहसंमेलनात नाचल्या गेल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेले पालक टाळ्या वाजवत होते. दहा वर्षांपूर्वी याच पालकांनी लावणीवर मुलीला नाचू दिलं असतं, असं मला वाटत नाही. तमाशाच्या फडांचं जगणं यामुळे सुधारलं असं म्हणता येणार नाही. ते हाल चालूच राहिले. पण ढोलकीचा आवाज चोरून ऐकायची गरज एका पिढीपुरती संपली.

आणि मग ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६. तोवर माझी पिढी कॉलेज संपवून कामाला लागली होती, आणि सात रस्त्यावर उभी असलेली आठवी-नववीतली पोरं वेगळी होती. हा चित्रपट त्यांचा. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची आणि चित्रीकरणाच्या वेळी स्वतःच शाळकरी, जागा बहुतेक करमाळा परिसरातल्या. पडद्यावरची भाषा घरात बोलतात तशीच. करमाळ्याच्या कमलाभवानी देवळाजवळची पायऱ्यांची विहीर पाहायला दूरदूरहून पोरं येऊ लागली. संगीतासाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, जिथं हॉलीवूडचं चित्रपटसंगीत ध्वनिमुद्रित होतं, तिथल्या वादकांकडून सिम्फनी वाजवून घेतली. करमाळ्याच्या उसाच्या फडातल्या प्रेमाला ही शोभा मिळाली. चित्रपटगृहात पोरं पडद्यासमोर जाऊन नाचली. शंभर कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. २०१७मध्ये ‘मनसु मल्लिगे’ या नावानं तो कन्नडमध्ये झाला, त्याच चालींसह आणि त्याच रिंकूसह, तेव्हा सोलापूरच्या कानडी घरांत ती गाणी दुसऱ्यांदा, आपल्या भाषेत आली.

‘सैराट’च्या गाण्यांबद्दल तक्रार अशी झाली की पोरं नाचून घेतात आणि चित्रपट विसरतात. मला ती पटत नाही. चारही गाणी पूर्वार्धात येतात. नंतर वाद्यं हळूहळू मागं सरतात. शेवटच्या प्रसंगात तर संगीत नाहीच. ज्यांनी सातासमुद्रापार जाऊन एवढा वाद्यवृंद उभा केला, त्याच दोघांनी तिथं एकही सूर ठेवला नाही. जातीपायी आपल्याच माणसांनी केलेली हत्या आणि त्यानंतरची ती शांतता. डोपामाइनची गोष्ट इथंही लागू होते. तासभर मेंदू त्या सुरांची वाट पाहायला शिकलेला असतो, आणि शेवटी ते येत नाहीत. नाचून आलेली पोरं चित्रपटगृहातून बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हती, हे मी पाहिलेलं आहे. चौदाव्या वर्षी हे ज्याच्या आत गेलं, त्याला पुढं कधी बहिणीच्या किंवा मित्राच्या लग्नाच्या वेळी कुठल्या बाजूला उभं राहायचं हे ठरवावं लागलं, तर ती शांतता त्याला आठवेल असा माझा विश्वास आहे.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. मिरवणुकीत आज हलगी वाजते ती बरेचदा डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीतून, ध्वनिमुद्रित. मूळ हलगीवाला कडेला उभा असतो, किंवा बोलावलेलाच नसतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यानं घातलेली मर्यादा त्या भिंतीपुढं पार मोडीत निघते, आणि कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या गाण्यानं आपल्याला हलगीची लाज सोडायला शिकवलं, त्या गाण्याच्या नावाखाली हलगीवाल्याचा रोजगार आणि पोरांचे कान जाऊ नयेत. वर्गणी काढताना मंडळांनी चार जिवंत वादकांचा खर्च आधी धरावा.

या सगळ्याचा उपयोग म्हातारपणीही आहे. पीटर जनाटा या कॅलिफोर्नियातल्या संशोधकानं २००९ साली दाखवलं की ओळखीचं गाणं आणि त्यासोबतची आठवण जागी होते तेव्हा कपाळामागचा, मेंदूच्या मध्यभागाजवळचा एक पट्टा उजळतो. अल्झायमरमध्ये मेंदूचे बाकीचे भाग झिजत जातात तेव्हा हा पट्टा तुलनेनं उशिरापर्यंत टिकतो. नाव विसरलेले आजोबा प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यावर बोटांनी ठेका धरतात, त्यामागं हे कारण असू शकतं.

तेव्हा वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना, ते बोलते आहेत तोवर, त्यांच्या चौदा-पंधराव्या वर्षातली गाणी कोणती ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढं कधी ती यादी औषधाच्या चिठ्ठीइतकी कामाची ठरेल. आणि घरात त्या वयाचं पोर असेल, तर त्याला इयरफोन काढून त्याचं आवडतं गाणं खोलीत लावायला सांगा, आणि ‘हे काय गाणं आहे का’ असं न म्हणता शेवटपर्यंत ऐका.